चषक देणाऱ्या हातानेच बंदीवर सही केली

मित्रांनो, तासाभरापूर्वी परळहून आलोय. किळस अजून जात नाही, म्हणून लिहितोय.

आमच्या काळाचौकीच्या चाळीतली सायली कॉलेजच्या संघातून कबड्डी खेळते. गेल्या महिन्यात ती आमच्या मंडळाच्या स्पर्धेतही खेळली. या स्पर्धेला मान्यता नव्हती, आणि मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळलं की आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत बंदी, असा नियम आहे. पोरीला तो ठाऊक नव्हता. चूक झाली, मान्य.

आज मी तिच्याबरोबर परळला त्या सामन्यांच्या शिस्त समितीसमोर गेलो. अध्यक्षांनी पुरावा म्हणून एक फोटो पुढे केला. त्यात सायली चषक घेतेय आणि देणाऱ्याचा फक्त हात दिसतोय. बाकी माणूस कापून टाकलेला.

सायली म्हणाली, "सर, हा हात तुमचाच ना? प्रमुख पाहुणे तुम्हीच होतात. 'अशीच खेळत राहा' म्हणालात मला."

"विषय भरकटवू नकोस. एक वर्ष बंदी."

"सर, माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे."

"मग नियम वाचायचे होतेस."

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही तर वाचले होते. गळ्यात हार पडताना आठवले नाहीत?"

मला बाहेर जायला सांगितलं.

जिन्यात सायलीने विचारलं, "काका, चषक मंडळाला परत करू का?"

नियम न वाचणाऱ्या मुलीचं अख्खं वर्ष गेलं. वाचून हार घालून घेणाऱ्याला काय शिक्षा, आणि ती देणार कोण?

मंडळाकडे तो फोटो पूर्ण आहे. खाली टाकलाय. बघून सांगा.