कळ कुणी थांबवली?

निजामाच्या अमलात नळदुर्गला आमच्या घरात पोटदुखीवर दोन हकीम होते: वडील आणि त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या. माझ्या उजव्या बरगडीखाली कळ उठली, तशी दोघं माझ्यावर तुटून पडली. वडलांनी तीन दिवस एरंडेल पाजलं. आत्या येरमाळ्याच्या देवीला नवस बोलली. चौथ्या दिवशी सकाळी कळ एकाएकी थांबली.

झालं! एरंडेलानं की नवसानं, यावर दोघांची जुंपली. तरी आनंदात पुरण शिजलं, आणि मी गाढवानं तुपात बुडवून चार पोळ्या हाणल्या. दुपारी ताप फणफणला, पोट पाट्यासारखं कडक झालं. मग मोटारीत घालून मला सोलापूरला नेलं.

सर्जननं पोट दाबून विचारलं, "कळ एकदम थांबली होती का?"

"व्हय, आज सकाळी. माझ्या एरंडेलानं," वडील म्हणाले.

"माझ्या नवसानं," आत्या म्हणाली.

"पित्ताची पिशवी तेव्हाच फुटली. आतला ताण गेला म्हणून कळ थांबली. पित्त पोटभर पसरलंय, पोट उघडून पिशवी काढावी लागेल."

मला आत ढकलत नेताना मागून वडलांचा आवाज आला, "अक्का, हे तुमच्या नवसाचंच काम."

"न्हाय बाबा, तुझं एरंडेलच लई जोरदार."

शुद्धीवर आलो तेव्हा माझ्या पोटातून रबरी नळी बाहेर आली होती, आणि उशाशी ती दोघं जन्मात पहिल्यांदा एकमेकांना मोठेपणा देत होती.