धाकट्या जावेचा नाणेनिधी

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघं नवराबायको ओसरीत बसून तूर निवडत होतो. म्हणजे ती निवडत होती. मी खडे सोडून तूरच फेकतो म्हणून माझ्याकडं नुसतं परात धरायचं काम होतं. निवडता निवडता ती मला सांगत होती की अमेरिकेनं व्याज वाढवलं की आपला रुपया का खाली बसतो. मी हूं हूं करत होतो. या विषयावर मी निदान वीस वर्षं हूं हूंच केलं. आख्ख्या परभणी जिल्ह्यात जगाच्या पैशाची एवढी फिकीर करणारं दुसरं माणूस नसंल, हे मी लिहून देतो. आन् हे माणूस जन्मात फार तर परभणीच्या दवाखान्यापर्यंत गेलेलं. तेवढ्यात भिंतीपलीकडं कपबश्या वाजल्या आन् ती एकदम गप्प झाली. पलीकडं माझ्या थोरल्या भावाचं घर, म्हणजे हिच्या थोरल्या जावेचं. दोघींचं बोलणं चार वर्षांपासून बंद होतं. चूक हिची होती, ते हिला कळलंबी होतं. पण थोरलीच्या दारात जाऊन ते तोंडानं कसं बोलावं, तेवढं जमत नव्हतं.

मी तिसरीपर्यंत शिकलो, ती चौथीपर्यंत. त्या एका इयत्तेचा तिनं जन्मभर तोरा मिरवला. बाकीचं शिक्षण तिचं चुलीपाशी झालं. आमची पोरगी ताडकळसहून परभणीला बी.कॉम.ला जायची, एसटीनं. संध्याकाळी चुलीच्या उजेडाला बसून मोठमोठ्यानं पाठ करायची: विनिमय दर, व्यवहारतोल, जागतिक बँक, नाणेनिधी. पोरगी वाचायची आन् विसरायची. माय भाकरी थापता थापता ऐकायची आन् ते तिच्या डोक्यात जाऊन बसायचं. पोरगी त्या पेपरात कशीबशी सुटली. पुढं लग्न होऊन ती चारठाण्याला गेली, बाकीची पुस्तकं रद्दीत गेली, आन् त्या पेपराचं तेवढं एक पुस्तक हिनं ठेवून घेतलं. मला म्हणायची, "तुमाला काय वाटतं, जागतिक बँक आन् नाणेनिधी एकच हाय का? आवं, एक घर बांधायला देती. दुसरा घर पेटल्यावर येतो. आन् बादली हातात द्यायच्या आधी इचारतो, पुन्यांदा चूल नीट पेटवशील का?"

रोज सकाळी गल्लीतले मास्तर पेपर घेऊन आमच्या दारावरून जायचे. ही सडा टाकता टाकता विचारायची, "मास्तर, डॉलर कसा हाय?" कुण्या आजारी पाहुण्याची तब्येत विचारावी तसं. मास्तर म्हणायचे, "चढलाय काकू." त्यावर ही मान डोलवायची, "चढंल न्हाई तर काय. समदं जग त्याच्यातच देणंघेणं करायलंय." मी एकदा म्हणालो, आगं, त्या डॉलरचा आन् आपला काय संबंध? तर तेलाचा डबा माझ्या पुढ्यात आदळला. "ह्याला इचारा. हे पाम तेल काय चुडाव्याच्या टेसनावर उगवतं का?"

देशाला लागती तशी घराला गंगाजळी लागती, हे तिचं दुसरं म्हणणं. तीन महिन्यांची डाळ, तेल, गूळ, मीठ बाजूला काढलेलं, आन् त्याला हात लावायचा नाही. एका दुपारी मी त्यातला गुळाचा खडा तोंडात टाकला. ती रागावली नाही, तेच वाईट. शांतपणे म्हणाली, "खा. उद्या येळ आली तर नाणेनिधीच्या दारात तुमची जीभ तारण ठेवते."

देशांना लावतेत तशी माणसांना पत लावायचाही तिला नाद होता. जावयाला 'स्थिर' लावली होती. दूधवाल्याची दर पावसाळ्यात घसरायची, कारण दुधात पाणी. मला लग्नाच्या दुसऱ्या वर्षी जी लावली ती तशीच राहिली: 'उणे, नजरंखाली.' त्या वर्षी मी बाजारात बैल घ्यायला गेलो आन् घोडी घेऊन आलो होतो. घोडी लय देखणी होती. औताला चालत नव्हती एवढंच. म्हातारपणी मी विचारलं, आता तरी वर घे. म्हणाली, "घाई काय हाय? अजून एक-दोन बाजार बघू."

हे सगळं घरात होतं तवर ठीक होतं. मग गल्लीतल्या बायांनी बचत गट काढला आन् हिला अध्यक्ष केलं. तिथं हिचा नाणेनिधी सुरू झाला. एक गोष्ट मात्र तिनं चांगली केली. नाणेनिधीत ज्याचा वाटा मोठा त्याचं मत मोठं. हिनं सांगितलं, आपल्यात एक बाई एक मत. "जगाला जमलं न्हाई ते आपुन ताडकळसात करायलोत," म्हणायची. पण अटीचा मोह तिला सुटला नाही.

माझ्या वहिनीला, म्हणजे हिच्या थोरल्या जावेला, शिलाई मशीन घ्यायची होती. गटाकडं कर्ज मागितलं. आता ही वहिनी कशी, तर तिच्या दारात कुणीबी येवो, चहा घेतल्याशिवाय जायचा नाही. पोस्टमन, भांडीवाली, पत्ता चुकलेला माणूस, सगळे. घरात दुसरं द्यायला काही नसलं तरी चहा असायचा, आन् तो देताना तिचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. सगळ्या बायांसमोर आमच्या हिनं पुस्तकातलं काढलं. "आक्का, कर्ज देऊ. पर आधी खर्च आवरावा लागंल. सहा महिने दारावरचा चहा बंद."

वहिनी म्हणाली, "मग आलेल्याला काय देऊ?"

"पाणी द्या."

"पाणी तर हापशीबी देती. मी काय द्यायचं?"

"आक्का, मोठमोठे देश अटी मानतेत. तुमाला काय झालं?"

"मग देशालाच दे तुझं कर्ज," म्हणून वहिनी उठली ती गटातूनबी गेली आन् बोलण्यातूनबी. मशीन काही आली नाही. ती हातानं शिवत राहिली, चहा पाजत राहिली. भाऊ आन् मी शेतात भेटलो तर बोलायचो, पण त्याच्या घरी जायची माझी हिंमत नव्हती. रोजचे दोन कप बुडाले ते वेगळंच.

एक वर्षभर ही आपलंच खरं म्हणत होती. मग गटाला मोठं कर्ज पाहिजे म्हणून आम्ही परभणीच्या एका बँकेत गेलो. साहेब पोरगाच होता. कागद चाळून म्हणाला, "काकू, हा हळदीकुंकवाचा खर्च बंद करा आधी, मग बघू." हिनं कागद गोळा करून पिशवीत घातले. ताडकळसच्या स्टँडवर उतरल्यावर म्हणाली, "तसं साहेबाचं बरोबर हाय. पर वर्साकाठी तेवढा एकच दिवस आमी बाया बसतोत, ते त्याला काय ठावं?" चार पावलं चालली. मग म्हणाली, "आक्काचं तर रोजचंच हळदीकुंकू व्हतं."

तेव्हापासून मी मागं लागलो, की जा, बोलून ये. तर म्हणायची, "फेरविचार चालू हाय." नाणेनिधीतबी म्हणे असाच वेळ लागतो. हळद गेली, तूर आली, फेरविचार चालूच. मी एकदा वैतागून म्हणालो, तुझ्यापेक्षा माझी घोडी बरी, ती निदान पुढं चालायची. त्यावर हसली, पण गेली नाही.

त्या शेवटच्या संध्याकाळी कपबश्यांचा आवाज थांबला तशी तिनं हातातली तूर सुपात टाकली. मग सूप खाली ठेवलं. "उद्या सकाळीच जाते. आक्काला म्हणते, चहाची अट माझी चुकली. मशीनीचे पैसे घिऊन जावा. आन् तुमी मधी बोलू नका."

"मी कशाला बोलू? मला चहा मिळाला की झालं."

"तुमची पत काय उगं उणे न्हाई," म्हणाली, आन् हात धुवायला उठली.

सकाळी रोज माझ्या आधी उठणारी बाई उठली नाही. मी हाक मारली. मग हात लावला. अंग गार पडलं होतं. मग गोधडी नीट केली, दार ओढून घेतलं आन् भावाच्या दाराकडं गेलो. त्याला सांगायला पाहिजे होतं. पण अंगणात वहिनी झाडत होती. चार वर्षांनी मला तिच्या अंगणात बघून तिचा खराटा थांबला.

"भावजी?"

आन् माझ्या तोंडातून पहिलं ते निघालं. "वहिनी, तिनं सांगितलंय, चहाची अट तिची चुकली. मशीनीचे पैसे घिऊन जा म्हणली."

वहिनीनं पदरानं तोंड पुसलं. "एवढं सांगायला चार वर्सं लागली व्हय तिला? आन् तरी सोता न्हाई आली. तुमाला धाडलं." बोलता बोलता खराटा टाकून ती घरात निघालीसुदिक होती. "बसा. चहा टाकते. आन् तिला हाक मारा, म्हणावं आक्का बलवायली."

मी ओट्यावर बसलो. आत स्टोव्हचा आवाज सुरू झाला, डबा उघडला. कितीतरी दिवसांनी ती बाई खुशीत होती, ते आवाजावरूनच कळत होतं. आतूनच तिनं विचारलं, "तिला साखर कमीच लागती नव्हं अजून?"

मी म्हणालो, "व्हय, कमीच."

मग उठलो आन् बाकीचं सांगायला आत गेलो.