दसऱ्याला पूजलेला मदरबोर्ड

आमच्या घरात नवी वस्तू मुहूर्ताशिवाय येत नाही. मिक्सर पाडव्याला आला, फ्रिज अक्षय्य तृतीयेला, आणि माझी तुटकी चप्पलसुद्धा आईच्या मते दसऱ्यापर्यंत सहज चालली असती. त्यामुळे सुटे भाग आणून घरीच कॉम्प्युटर जोडायचं मी ठरवलं तेव्हा आईने किंमत विचारली नाही, दिवस विचारला.

कॉम्प्युटर मला हौसेसाठी नको होता. अंधेरीच्या ज्या स्टुडिओत मी ॲनिमेशन करायचे तो बंद पडला, आणि तेव्हापासून मी मुलुंडच्या एका लॅबमध्ये रक्त-लघवीच्या तपासण्यांच्या पावत्या फाडते. जुनं काम स्टुडिओच्या मालकीचं, ते कुठे दाखवता येत नाही. नवी नोकरी हवी तर स्वतःचा नवा नमुना हवा, आणि नमुन्याला मशीन हवं. माझ्या छोट्याशा गोष्टीतली चित्रं कागदावर कधीच काढून झाली होती. त्यांना चालायला लावायचं तेवढं राहिलं होतं.

पगारातून एका वेळी एकच भाग परवडायचा, म्हणून आईचे मुहूर्त मलाही सोयीचे वाटले. गुढीपाडव्याला कॅबिनेट आणलं, अक्षय्य तृतीयेला पॉवर सप्लाय. कुठला प्रोसेसर कुठल्या मदरबोर्डवर बसतो, पंखा उंच निघाला तर कॅबिनेटचं झाकण लागेल का, हे सगळं मी लॅबच्या काउंटरवर मोबाईलमध्ये वाचत बसायचे. एकदा तर जुन्या पिढीची रॅम घेता घेता वाचले. दिसायला हुबेहूब, फक्त खाच जराशी सरकलेली. तेव्हापासून मी इतकी धास्तावले की प्रत्येक भाग चार ठिकाणी ताडून बघितल्याशिवाय घेतला नाही. स्थळांची इतकी चौकशी केली असती तर एव्हाना लग्न झालं असतं, असं आई म्हणायची.

गणपतीत मालाडच्या स्टुडिओतून जुन्या मैत्रिणीचा फोन आला. "दिवाळीनंतर आमच्याकडे एक जागा निघतेय. तुळशीच्या लग्नाआधी काहीतरी करून पाठव, मी सरांना दाखवते. पण यार, उशीर नको करू." नोकरी गेल्यापासून कामासाठी आलेला तो एकुलता एक फोन. पस्तिशीत असा दुसरा येईल असं मानण्याइतकी मी भोळी नाही. ही जागा गेली तर मी जन्मभर पावत्या फाडणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मदरबोर्ड दसऱ्याच्या आधी आला. आईने तो उघडू दिला नाही. दसऱ्याला लॅब अर्धा दिवस चालू होती. दुपारी भांडुपला घरी पोचले तर पाटावर आईची ब्लाउज शिवायची कात्री, विळी, माझ्या पेन्सिली आणि मधोमध खोक्यातून बाहेर काढलेला मदरबोर्ड. त्यावर झेंडूचं फूल.

"अगं, हा काय देव आहे?"

"तुझं पोट चालणार ना त्याच्यावर? मग हत्यारच झालं ते."

मोरपिशी रंगाची ठेवणीतली साडी नेसून आई त्याच्यासमोर हात जोडून उभी होती. हळद-कुंकू फक्त खोक्यावर दिसत होतं, बोर्ड लख्ख होता. माझा जीव भांड्यात पडला.

दिवाळीच्या पाडव्याला प्रोसेसर आणि रॅम आणली. दिवे लागायच्या आत बसवायचं असा आईचा हट्ट होता, आणि आता मलाही दम निघत नव्हता. प्रोसेसर जिथे बसतो त्या चौकोनात केसासारख्या बारीक पिना असतात, त्यांच्यावर प्लास्टिकचं टोपण असतं. घाईघाईत टोपण काढलं, प्रोसेसर ठेवला, खटका दाबला. कर्र आवाज झाला. असा आवाज येतोच, घाबरू नका, असं व्हिडिओत सांगितलं होतं, म्हणून मी घाबरले नाही. पंखे फिरले. आईने माझ्या हातावर साखर ठेवली. स्क्रीन काळाच राहिला.

भाऊबीज होऊन दुकानं उघडली तशी सगळं उचलून मुलुंडला नेलं. दुकानदाराने प्रोसेसर काढला, मोबाईलचा उजेड आत मारला आणि चिमट्याने काहीतरी ओढून काउंटरवर ठेवलं. एक धागा होता. मोरपिशी.

"मॅडम, कोणी कपड्याने पुसलं का हे? पिना आडव्या झाल्यात. आणि हे लाल काय आहे?"

आईने पूजा उघड्यावर व्हावी म्हणून टोपण काढलं होतं. आत कुंकू लावलं होतं, सांडलेलं पदराने पुसलं होतं, आणि टोपण पुन्हा जागच्या जागी बसवलं होतं. आई कुठलीही वस्तू पुसल्याशिवाय ठेवत नाही. पिना वाकल्या तर कंपनी बोर्ड बदलून देत नाही, आणि नवा घ्यायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. रडूही आलं नाही. संपलं, एवढंच वाटलं.

दुकानाबाहेरूनच मैत्रिणीला फोन लावला. "वाट लागली गं," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग आणखी एक मुलगी विचारतेय, मी तिचं नाव देते. चालेल ना?"

चालेल म्हटलं.

रिक्षात आईला काय काय सुनवायचं ते मी ठरवत होते. बरंच होतं, वर्षानुवर्षांचं साठलेलं. तिचे मुहूर्त, तिची कुंकवं, तिचं ते पुसणं. दार उघडलं तेव्हा ती हातात अर्धा शिवलेला ब्लाउज घेऊन उभी होती, चष्मा कपाळावर सरकवलेला.

"काय म्हणाला गं?"

"बोर्डच खराब निघाला," मी म्हटलं. "कारखान्यातूनच."

आईने कारखानेवाल्यांचा सात पिढ्यांपर्यंत उद्धार केला. मग माझ्या शेजारी येऊन बसली, डोक्यावरून हात फिरवला.

"चुकलं ते माझंच. दसऱ्यापर्यंत तसाच पडू दिला मी त्याला. पुढचा आणशील ना, तेव्हा दिवस बघायचा नाही. आणल्या आणल्या पूजा करू. मी स्वतः करेन, अगदी आतपर्यंत, नीट."

मी हो म्हटलं.