‘चालायलंय’ म्हणालो ती सकाळ

हे चौकशी करणाऱ्यांना सांगितलं नाही, बायकोलाही नाही. आत्ता घरात कुणी नाही, तरी दाराला कडी घालून बसलोय — कशाची भीती वाटते, नीट सांगता येत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

मी पिंगळीचा. नौदलात होतो, जहाजावरच्या यंत्रांची देखभाल करायचो. गावाकडे वाटायचं, नौदल म्हणजे नवी कोरी जहाजं. पैसाही आधी नव्या जहाजांकडेच जायचा. जुन्या जहाजासाठी एखादा सुटा भाग मागितला, की वरून उत्तर यायचं — पुढच्या वर्षी बघू. मग गोदीत दुरुस्तीला पडलेल्या जहाजाचा भाग काढून समुद्रावर निघालेल्याला लावायचा. अशी पद्धतच पडली होती. फक्त परवानगी घ्यायची, आणि काढलेल्या जागी लाल चिठ्ठी लटकवायची.

पण मी पैशांचंच का सांगत बसलोय? चौकशीतही मी हेच केलं होतं.

दिगंबर मानवतचा. शेजारच्या, गोदीतल्या जहाजावर. आम्ही दोघंच परभणीकडचे. इतरांशी हिंदी, एकमेकांशी घरचं बोलायचो. मी सारखा वाचत बसायचो म्हणून तो मला मास्तर म्हणायचा.

जहाजाच्या तळाशी सांडपाण्याची टाकी असते. तिच्यात विषारी वायू साचतो — उतरण्याआधी हातातल्या यंत्रावर आकडा बघायचा; वायू असला की ते वाजतं. आमच्या यंत्राचा सेन्सर मेला होता आणि आम्हाला निघायचं होतं. मी दिगंबरच्या जहाजावरच्या यंत्रातला चांगला सेन्सर काढला, आमचा मेलेला तिथे बसवला. दिवा लागायचा. आकडा मात्र कायम शून्य. परवानगी मागितली नाही — नाही म्हणाले असते. चिठ्ठी लावली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिगंबर ते यंत्र हातात घेऊन त्यांच्या टाकीत उतरायच्या तयारीत होता. शेजारी त्याचा साहेब. मी तिथेच, त्यांच्या जहाजावरून आमच्याकडे आलेल्या पाइपचं काम बघत.

“मास्तर, आमच्या डबड्याला हात लावलास म्हनं. चालायलंय ना?”

“चालायलंय.”

“बघ बरं. मेलो तर बोकांडी बसंन तुझ्या!” साहेबही हसला.

तुम्हाला हा शब्द माहीत असेल. आमच्याकडे कसं काय विचारलं, की घरात आजारपण असलं, रान वाळलं असलं, तरी माणूस म्हणतो — चालायलंय. म्हणजे रेटतोय कसंतरी. मी कितीतरी वर्षं स्वतःला समजावलं, की मी त्या अर्थाने बोललो, त्याने भलताच अर्थ घेतला — यंत्र नीट चालतंय, असा. खोटं आहे ते. तो कोणता अर्थ घेईल, मला पक्कं ठाऊक होतं. साहेबासमोर चोरी उघडी पडेल, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

तो वर आला नाही. आणला त्याला.

चौकशीत मी म्हणालो, यंत्र जुनं, नवे सेन्सर मागवलेले, मंजुरी आली नाही. सगळं खरं होतं. पैशांच्या टंचाईवर ते प्रकरण मिटलं.

त्याला वडील नव्हते, भाऊ नव्हता. मानवतला त्याची आई म्हणाली, “तूच दे रे बाबा अग्नी. तिथं त्याचं तुझ्याबिगर कोन व्हतं?” मी दिला. स्मशानातून परत आल्यावर तिने माझं मनगट धरलं — ते यंत्र असतंय म्हनं ना, ते वाजलं न्हाई का?



म्हणालो, “न घेताच उतरला असंल, माय. घाई केली त्यानं.”

तिने कपाळावर हात मारला. “लहानपनापासून असाच. कुनाचं ऐकतच न्हाई.” तिथेच, सगळ्यांसमोर, मेलेल्या पोराला रागावली ती. अजूनही घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगते — माझा दिगू घाईनं गेला.

त्याने घाई केली नव्हती. टाकीच्या तोंडाशी गुडघ्यावर बसून, यंत्र आत सोडून, त्याने माझ्यासमोर दोनदा आकडा पाहिला होता. मग शिडीवर पाय ठेवला.

मी हाक मारली नाही.