मावळतीकडचा आडोसा

जनार्दन घवाळी आमच्याच वाडीचा. त्याच्यासारखी गाठ मारणारा माणूस आमच्याकडे दुसरा नाही, असं जुनी माणसं म्हणत. होडीचा दोर असो की पावसाआधी घराला बांधायचे माडाच्या झावळ्यांचे झाप, त्याने आवळलेलं सुटत नसे. हे त्याला स्वतःलाही चांगलं ठाऊक होतं, आणि तेच पुढे नडलं.

तो ओमानला गेला पाइप फिटर म्हणून. शेवटची काही वर्षं दुक्मच्या रिफायनरीवर होता. दुक्म म्हणजे वाळू, वारा आणि नुसती पुरुषमाणसं. तिथे बिऱ्हाड कोण नेणार? म्हणून बायको नयना आणि मुलगी उर्वी ओमानमधल्याच खाबुऱ्यात राहत. खाबुऱ्याच्या एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला लांब डोंगर आणि मधे खजुराच्या बागा. खल्फान नावाच्या म्हाताऱ्या ओमानी माणसाच्या घराच्या गच्चीवर त्यांची खोली होती. खोलीचं दार गच्चीतच उघडायचं.

दिवाळीनंतर दुक्मचं काम संपलं. काम संपलं की माणसंही संपतात, ही तिथली रीत. जनार्दन पेटी घेऊन खाबुऱ्याला आला. व्हिसा सरायच्या आत नवी कंपनी मिळाली तर राहायचं, नाही तर तिघांनी सामान बांधायचं.

घरात पुरुष दिवसभर असला की भिंतीसुद्धा आत सरकतात. नयना दाराजवळच्या उजेडात बसून कुम्म्यावर भरतकाम करी. कुम्मा म्हणजे ओमानी पुरुषांची गोल टोपी. खल्फानची बायको सफूरा तिला ते काम आणून देई. जनार्दन चहा करी, लसूण सोली, उर्वीच्या गणवेशाला इस्त्री करी आणि मग उजेडात येऊन उभा राही.

"अहो, सरका जरा. टाका दिसत नाही."

तो सरके. थोड्या वेळाने पुन्हा तिथेच येई. तीन माणसांच्या त्या खोलीत उभं राहायला दुसरी जागा नव्हती.

डिसेंबरात पहिलं वादळ आलं. तिथला पाऊस आपल्यासारखा मुक्कामाला येत नाही, धाड घालायला येतो. सकाळी ऊन होतं, दुपारी आभाळ शिशासारखं झालं आणि बघता बघता गारा. गच्चीला उतार नाही. पाणी तुंबलं आणि उंबरा ओलांडून आत शिरलं. भरलेल्या टोप्या भिजल्या, निळ्या दोऱ्याचा रंग पांढऱ्या कापडावर उतरला. नयना त्या एकेक पिळत होती. मान वर न करता म्हणाली, "एवढी मोठी रिफायनरी जोडून आलात. या दारातलं पाणी तेवढं कोण अडवणार? खल्फानबाबा?"

दुसऱ्या दिवशी जनार्दनने भंगारातून लोखंडी पाइप आणले, निळी ताडपत्री आणली आणि गच्चीवर मांडव उभा करायला घेतला. बऱ्याच दिवसांनी त्याचे हात चालू लागले. शीळ घालत होता, नयना सांगते. दारावर उतरतं छप्पर घातलं आणि एका अंगाला ताडपत्री पार खालपर्यंत आणून ताणून बांधली. ते अंग कुठलं, याचा त्याने विचार केला नाही. करायचं कारणच काय? आमच्याकडे कोकणात पावसाची झड मावळतीकडून येते. बापाने, आज्याने झाप मावळतीलाच बांधले. हातांनी आपसूक मावळतीची बाजू धरली, तिथल्या डोंगराकडची. समुद्राकडची बाजू मोकळी राहिली.

खल्फान गुडघ्यावर हात ठेवत जिना चढून आला.

"जनार्दन, ये क्या? ऊपर दुकान खोलता?"

"बारिश का बंदोबस्त, बाबा."

म्हाताऱ्याने मांडवाभोवती एक फेरी मारली आणि समुद्राकडे बोट केलं. "सदीक, दोस्त, इधर तूफान शिमाल से आता, समंदर से. उधर से. ये साइड खुला है. हवा अंदर जाएगा, बाहर कैसे निकलेगा?"

जनार्दन मोठ्याने हसला. "बाबा, तुम्हारा बारिश साल में चार दिन. हमारा चार महीना. बारिश मेरे को मत सिखाओ."

खल्फानही हसला. "खलास. तुम उस्ताद." आणि खाली उतरून गेला.

नयनाने दारातून ऐकलं होतं. "म्हातारा काय उगाच बोलत असेल का? विचारून तरी घ्यायचं नीट."

"गाठी बघ," जनार्दन म्हणाला. "हत्ती बांधला तरी सुटायच्या नाहीत."

हाच खल्फान त्याच्यासाठी धडपडत होता. त्याचा पुतण्या नासर समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या एका कारखान्यात देखभालीचा मुख्य होता. पुढच्या शुक्रवारी तो बायकामुलांसह जेवायला येणार होता. खल्फानने जनार्दनलाही खाली बोलावलं. नयनाने शर्टाला कडक इस्त्री केली.

"विचारतील तेवढंच बोला. गावच्या गोष्टी नकोत."

"मी काय लहान आहे?"

"लहान असतात तर बरं होतं. ऐकलं तरी असतंत."

खाली बैठकीत मोठ्या परातीत भात आणि मटण आलं. पुरुष भोवती बसले. नासर थोडं बोलणारा, मोजकं हसणारा माणूस. त्याने दोन-चार प्रश्न विचारले. जनार्दनने खरी, नेटकी उत्तरं दिली. खल्फानने आपल्या हाताने मटणाचा चांगला तुकडा जनार्दनच्या पुढ्यात सारला.

"अम्मी बोलता है तुम अच्छा आदमी," नासर म्हणाला. अम्मी म्हणजे काका. "संडे को आओ. पेपर लेके आओ. तुम्हारा व्हिसा मैं देखेगा."

जनार्दनचा घास हातातच राहिला.

तेवढ्यात उजेड गेला. वारा सुटला आणि टपोरे थेंब अंगणात आपटू लागले. आपण पाऊस आला की पोरांना घरात ओढतो. तिथे बाहेर सोडतात. पाऊस म्हणजे सणच. नासरची लेक आणि उर्वी ओरडत अंगणात धावल्या. सफूरा दारात उभी राहून हसत होती.

वारा समुद्राकडून आला. मांडवात शिरला आणि मावळतीच्या ताडपत्रीत अडकला. शीड फुगावं तशी ती फुगली. वर कडाड् वाजलं आणि अख्खा मांडव कठड्यावरून खाली आला. एक पाइप अंगणातल्या शेळ्यांच्या गोठ्याच्या पत्र्यातून आरपार गेला. नासरची लेक त्या पत्र्याला पाठ लावून उभी होती. तिला खरचटलंसुद्धा नाही. पण आतली शेळी ओरडली, आणि ओरडायची थांबली.

नासरने मुलीला उचललं. तिचं डोकं, हात, पाठ चाचपली. मग भिजत उभं राहूनच विचारलं, "ये किसने बांधा?"

खल्फान घाईने म्हणाला, "पुराना है. मेरा पुराना सामान. हवा जास्ती..."

म्हाताऱ्याने दार उघडून दिलं होतं. जनार्दनने फक्त गप्प राहायचं होतं. पण तो वाकला, ताडपत्रीचं टोक उचललं आणि त्याच्या डोळ्यांत, काय सांगावं, चमक आली.

"मैंने बांधा," तो म्हणाला. "देखो साब, एक भी गाठ नहीं छूटा."

खरंच एकही सुटली नव्हती. म्हणून तर सगळा सांगाडा एकसंध उडाला होता.

नासर रागाने बोलला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "छूट जाता तो अच्छा था. अम्मी ने नहीं बताया, हवा किधर से आता?"

जनार्दन जिन्याकडे बघू लागला. तिथे नयना उभी होती, पदर डोक्यावर घट्ट धरून.

"संडे को मत आना," नासर म्हणाला.

खल्फानने शेळीचे पैसे घेतले नाहीत. 'मी सांगितलं होतं' असंही एकदा म्हटलं नाही. म्हटलं असतं तर जनार्दनला भांडता आलं असतं, आणि भांडणात मन मोकळं झालं असतं. म्हातारा फक्त वर यायचा थांबला. सफूराच्या टोप्याही येईनाशा झाल्या. नयना आता रिकाम्या हातांनी दाराजवळच्या उजेडात बसे, आणि जनार्दन समोर येऊन उभा राहिला तरी 'सरका' म्हणत नसे.

व्हिसा सरत आला तेव्हा एका एजंटने दुक्मलाच काम दिलं. फिटरचं नव्हे, हेल्परचं. त्यात बायकोमुलीचा व्हिसा बसत नव्हता. जनार्दनने हो म्हटलं.

मस्कतच्या विमानतळावर उर्वीने विचारलं, "पप्पा, गावच्या स्कूलमध्ये सगळं मराठीत असणार ना? मला जोडाक्षरं नाही येत. एव्हरीवन विल लाफ."

"आई शिकवील."

"हो," नयना म्हणाली. "जोडाक्षरं आई शिकवील, गावची बाग आई बघील, झापही आईच बांधील. तुम्ही मात्र गाठी बघा."

एवढं बोलून तिने उर्वीचा हात धरला आणि आत गेली. मागे वळून बघायची तिची सवय होती. त्या दिवशी बघितलं नाही.

दुक्मची बस संध्याकाळी होती. वेळ होता म्हणून जनार्दन काचेबाहेर उभा राहिला. आत रांगाच रांगा होत्या. त्यातल्या कुठल्या रांगेत त्या दोघी होत्या, ते बाहेरून कळत नव्हतं.