वऱ्हाड कोणाचं?

ओल्या शेणाने सारवलेली जमीन, तिच्या कडेने ओढलेला गेरूचा तांबडा पट्टा, आणि त्या दोहोंचा मिळून नाकात शिरणारा गार, मातकट दर्प! शाळा तपासायला दिपोटीसाहेब येणार असले की चिखलीची आमची मुलींची शाळा अशी नटायची. इतरांना तो गंध मंगल वाटत असेल. मला मात्र तो परीक्षेचा वास वाटे. अजूनही कुठे सारवण झालं की माझे पाय जागच्या जागी चुळबुळू लागतात.

तेव्हा मी चौथीत होते, आणि सरस्वतीने आपल्याला खास सवड काढून घडवलं आहे अशी माझी प्रामाणिक समजूत होती. धाकट्या बहिणीशीसुद्धा मी पुस्तकी भाषेत बोलायची. मला ताप चढला असावा, अशा नजरेने ती बिचारी पाहायची. पण त्या वर्षी तपासणीच्या सकाळी या विद्वत्तेला घाम फुटला होता. दुसरबीडची माणसं मला पाहून गेली होती, आणि बाबांनी निवाडा दिला होता की दिपोटींच्या परीक्षेत पास झाली तर आणखी एक वर्ष शाळा, नापास झाली तर याच हंगामात लग्न. घरात तेव्हापासून 'वऱ्हाड' हा एकच शब्द घोळत होता: माणसं किती, गाड्या किती, उतरवायचं कुठे! आपलं बालपण असं परक्या बैलगाड्यांच्या वाटेवर उभं असावं, याहून मोठी तगमग ती कोणती?

साहेब आले. पुण्याकडचे, शुभ्र उपरणं, मृदू आवाज. भूगोलाच्या वेळी त्यांनी माझ्याकडे बोट केलं नि विचारलं, "मुली, वऱ्हाड कोणाचं?"

उत्तर तोंडपाठ होतं. मुलूख निजामाचा, ताबा इंग्रजांचा, कारभार मध्यप्रांताबरोबर. पण माझ्या कानात मुलूख शिरलाच नाही, शिरल्या त्या गाड्या! सगळी पुस्तकी भाषा कुठे परागंदा झाली कोण जाणे. "माह्यं नाही जी," मी रडकुंडीला येऊन म्हणाले, "मले शिकाचं हाये."

वर्ग खिदळला. साहेब गोंधळले, बाईंनी हळूच त्यांना घरची हकीकत सांगितली. ते हसले नाहीत. 'आपला हा प्रांत' असं म्हणून त्यांनी सावकाश पुन्हा विचारलं, आणि मी एका दमात सगळं ओकून टाकलं. पास झाले. ही कथा बाबांच्या कानी माझ्याआधीच पोचली होती. सुपारी कातरता कातरता ते म्हणाले, "तुह्यं वऱ्हाड तूच वापस धाडलं, आता म्या काय बोलू माय?"

एक वर्ष मिळालं. एकच! पुढल्या हंगामात दुसरबीडच्याच गाड्या आल्या. अंतरपाटापलीकडे कोण उभं आहे, याची उत्सुकता म्हणे प्रत्येक नवरीला असते. मी वेडी मात्र मुंडावळ्यांआडून तळमळत होते, की पाचवीत दशांश अपूर्णांक परवाच सुरू झाले आहेत, आणि आत्ता या घटकेला बाई पुढचं शिकवत असतील.