अंगठा न लावता

“एवढी मोठी कंपनी बुडाली, हजारो माणसं घरी बसली, आन् तू एकटी कोण लागून गेलीस गं?” लडकू ओरडला. कळंबच्या फार्महाउसवर नवरा-बायको दोघं राखणीला राहू, असा शब्द तो मालकाला देऊन आला होता. बोचकंही बांधून तयार होतं.

“ते बोचकं सोडा आदी. माझी साडी हाय त्यात,” सुनंदा म्हणाली. दुपारपासून तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

“साडी कशाला? कंपनीचा निळा एप्रन घालून मिरव की!” चुलीपाशी बसलेल्या सासूनं, गोदानं, टोमणा हाणला.

तो एप्रन सुनंदाच्या अंगावर सात वर्षं होता. धवलशृंग कंपनीनं कर्जतजवळ इस्पितळ बांधायला घेतलं, तेव्हा सुनंदा आणि लडकू आपल्या कशेळे गावाहून जीपनं तिथं विटा उचलायला जात. इमारत उभी राहिली, पण कंपनी काही गेली नाही. दारावरचा वॉचमन तिचा, झाडूवाली तिची, रुग्णांचं जेवण तिचं. मग रस्ते, शाळा, पार पनवेलपर्यंत तिचेच फलक. सुनंदा फरशी पुसता पुसता स्वयंपाकघरात शिरली आणि दीडशे माणसांच्या वरणात नुसत्या नजरेनं मीठ टाकू लागली. आत शिरताना मशीनला अंगठा लावायचा, मशीन ‘धन्यवाद’ म्हणायचं. अंगठा नाही तर हजेरी नाही, हे स्वयंपाकघरातल्या चौदाही बायकांच्या हाडीमाशी खिळलं होतं.

आज सकाळी ते मशीन काळंठिक्कर पडलं होतं. कंपनी बुडाल्याची बातमी कालच सगळ्यांच्या मोबाइलवर आलेली. सुपरवायझर येसाजीचा फोन बंद. वॉर्डातून चहासाठी हाका येत होत्या आणि चौदा बायका दाराबाहेर रांग धरून उभ्या! अंगठा लावल्याशिवाय आत पाऊल कसं टाकायचं?

“चहा मशीनला पायजे का मानसांना?” असं म्हणून सुनंदा सरळ आत गेली. तिनं मोठी शेगडी पेटवली. मागोमाग जना आली, मग सगळ्याच. साडेबाराला वरण-भात वॉर्डात पोचला. रोजच्यापेक्षा दहा मिनिटं आधी!

मग मोठ्या डॉक्टरीणबाई स्वत: खाली आल्या. “तुमचा बचत गट आहे ना? मग हे स्वयंपाकघर तुम्हीच चालवा. पण जबाबदार म्हणून सही एकीचीच लागेल. उद्या सातला सांगा.” तेरा जणींनी सुनंदाकडे पाहिलं.

“आन् कुनाला जेवन बाधलं तर?” बोचक्यापाशी बसलेल्या लडकूचा आवाज आता उतरला होता. “सही तुझी. तुलाच धरतील.”

“म्हनून तर चव मीच बघनार.”

“कंपनीला जमलं नाय, ते तुला जमंल?”

“कंपनीनं कवा डाळ शिजवली? मीच शिजवत होते.”

गोदा तोंडाला पदर लावून हसली. “अरं लडक्या, हे मातर खरं हाय.”

“मी मालकाला काय सांगू गं?”

सुनंदानं बोचक्याची गाठ सोडली आणि साडी ओढून काढली.

“मी कळंबला येत नाय. उद्या सही करनार. पाचची जीप धरायची हाय, चहा ज्याचा त्यानं करायचा.”